गुरुवारी फुटणारा पत्ता

११ नोव्हेंबर, मंगळवार
झालं एकदाचं! जुना कोड धुऊन-पुसून नव्यानं लावला आणि आज अपडेट सगळ्यांच्या फोनवर गेलं. आमचं सॉफ्टवेअर माणूस कुठून बोलतोय ते लपवतं — निरोप सरळ न नेता जगभरच्या कंप्युटरांतून वळसे घालत नेतं. आत वर्षानुवर्षांची अडगळ साचली होती. एकच गोष्ट दोन-दोनदा तपासणं चाललेलं! त्यातली एक तपासणी मी उडवून टाकली. टीममधला जर्मन म्हणाला, "सुंदर!" तो सहसा कुणाला सुंदर म्हणत नाही.
अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, "आधी चालत नव्हतं का?"
"चालत होतं."
"मग हात कशाला लावला?"
यांना काय सांगायचं!

१३ नोव्हेंबर, गुरुवार
गुरुवार, म्हणजे केडगावात लाईट जाणारच. दुपारी गेली, आली. राऊटर सुरू झाला, मी सहज स्क्रीनकडे बघितलं — आणि परत एकदा नीट बघितलं. नेट परत येतं तेव्हा वळसे अजून तयार झालेले नसतात. आमचं सॉफ्टवेअर तेवढ्यात सरळच पलीकडच्याशी बोलतं. पापणी लवेपर्यंतच. पण तेवढ्यात खरा पत्ता, म्हणजे कुठल्या घरचं नेट आहे ते, पलीकडे उघडा पडतो!
ती दुसरी तपासणी त्यासाठीच होती. मी उडवलेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

१४ नोव्हेंबर
जर्मन म्हणतो, "माझ्याकडे असं होत नाही." कसं होईल? त्याच्याकडे लाईट जातेच कुठे! प्लग काढून बघ म्हटलं. त्यानं लॅपटॉपचा काढला. लॅपटॉपचा! अरे बाबा, राऊटरचा काढ.

१५ नोव्हेंबर
अनुपमा! दोन दिवस तिची आठवण कशी झाली नाही मला?
शाळेपासूनची मैत्रीण. नवऱ्याच्या माराला कंटाळून उन्हाळ्यात शिरूरहून निघाली ती दौंडला कस्तुराबाईंकडे भाड्याच्या खोलीत राहते. कुठे आहे ते तिच्या आईलाही माहीत नाही — मीच शपथ घातलीय तशी. आई, म्हणजे सरूबाई मावशी, इनामगावला. मायलेकी रोज आमच्याच ॲपवर बोलतात. ॲप दोघींना मीच घालून दिलं.
आणि नवरा ब्रॉडबँडवाला! शिरूर-दौंडभर केबल ओढत फिरतो. मावशींच्या घरचा राऊटर त्यानंच बसवलाय, अजून दुरुस्तीला तोच जातो. कस्तुराबाईंकडचं कनेक्शनही त्याच्याच कंपनीचं. मावशींच्या राऊटरवर तो पत्ता एकदा दिसला, की कुणाचं घर ते शोधायला त्याला कितीसा वेळ लागणार? आणि नवऱ्याचं नाव काय, तर माऊली!
जेवण गेलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
जर्मनला दिसलं. लिहितो, "हे भयंकर आहे." आभारी आहे बाबा!
आता नियम — दुरुस्ती सगळ्यांच्या हातात पडेपर्यंत बाहेर अक्षर काढायचं नाही. फट कुठे आहे ते चोराला आधी कळू नये म्हणून. नियम बरोबर आहे. नव्या पोरांना मीच शिकवते. पण अनुपमाचं काय?

१८ नोव्हेंबर
नाही राहवलं. साधा फोन केला. "अने, थोडे दिवस ॲप उघडू नको."
"का गं?"
"सांगता येत न्हाई."
"आईशी बोलायला तेवढंच हाय मला. आन् तूच म्हणलीस, ह्याच्यावर काय भ्या न्हाई."
"निदान गुरुवारी तरी नको."
"गुरवारी? त्याला उपास असतो का?" आणि हसली. किती दिवसांनी हसली! मी चिडून फोन ठेवला आणि मग रडत बसले.

१९ नोव्हेंबर
तपासणी जशीच्या तशी परत घालता येत नाही. आजूबाजूचं सगळं मीच बदललेलं. इकडे ठिगळ लावावं तर तिकडे उसवतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
लाईट गेली. दौंडलाही गेली असणार. अनुपमाला मेसेज केला — ॲप बंद आहे ना? उत्तर नाही. परत केला. नाही. नखं खाऊन संपवली. संध्याकाळी उत्तर आलं — "ड्युटीवर होते. बंदच हाय. किती घाबरतीस!"
घाबरू नको तर काय करू?

२२ नोव्हेंबर, शनिवार
जमलं असं वाटतंय. दिवसभर राऊटरचा प्लग काढायचा, घालायचा, बघायचं. अब्बा दारात येऊन उभे. "आगं, जळंल ते!"
"जळू द्या अब्बा."
माझ्या तोंडाकडे बघून निघून गेले. पुढे चहा आला. त्यांनीच केलेला, नुसती साखर.

२४ नोव्हेंबर, सोमवार
दुरुस्ती गेली! जर्मनने तपासली, अजून दोघांनी तपासली. अनुपमाकडून लगेच अपडेट करून घेतलं — फोनवरूनच, पण बटण दाबल्याशिवाय ठेवू दिला नाही. म्हटलं, "अने, आता बोल निर्धास्त. काय म्हंजी काय फुटणार न्हाई."
"माझी बाई ती!" म्हणाली.
मटण केलं होतं. पोटभर जेवले, दुपारी ढाराढूर झोपले. छातीवरचा धोंडा उतरला.

२६ नोव्हेंबर, बुधवार
गाडीत लिहितेय. अब्बा चालवतायत. पोलिसांना कळवलंय.
अनुपमाचा फोन आला होता. कुजबुजत होती. "दारात हाय तो. कस्तुराबाईंनी कडी लावलीया." पत्ता कुणी दिला म्हटलं, तर म्हणाली, "आईनं. पाया पडून रडला म्हनं तिच्याम्होरं."
"आन् आईला कुणी सांगितला?"
"म्या. सोमवारी, ॲपवर. तूच म्हणलीस ना, आता निर्धास्त बोल."