घरात आणखी कुणाला असं होतं का?

आप्पा, मी आता कॉलेजात जाते. या वयात. थोरल्या लेकीच्या प्रवेशासाठी साताऱ्याला गेले होते, तर खिडकीतल्या क्लार्कने गमतीत विचारलं, "काकू, तुम्हीपण प्रवेश घेताय का?" मी घेतला. तुम्ही असता तर मिशीतल्या मिशीत हसला असता. वर्गातली पोरं मला काकू म्हणतात, माझा डबा हक्काने खातात आणि निकालाच्या दिवशी माझीच समजूत काढतात, कारण मी नापास होते. अभ्यास करत नाही म्हणून नव्हे. भाकरी थापताना धडा मोठ्याने म्हणते, बसमध्ये पुटपुटते, आणि पेपर हातात पडला की पाटी कोरी. वाचतानाही ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत तिची सुरुवात निसटून जाते. या खेपेलाही नापास झाले तर कॉलेज सोडायचं, असं मनाशी ठरवून टाकलंय.

सरांनी मला कॉलेजातल्या समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. वयाने पोरसवदा आहेत, पण ऐकून घेतात. म्हणाल्या, "हा आळस नाही. शिकण्यातली एखादी अडचण असू शकते, ती मोठ्या माणसांतही असते. तपासणीशिवाय काही सांगता येणार नाही, पण तसं निघालं तर पेपरला जादा वेळ मिळू शकतो." मला रडूच फुटलं. जन्मभर मी स्वतःला मठ्ठ समजत आले होते. मग त्यांनी विचारलं, "तुमचं लहानपण सांगेल असं कोणी आहे?" आई गेली, तुम्ही तर तिच्याही आधी. गंमत बघा, जिच्या डोक्यात काही राहत नाही, तिनेच आपली साक्ष द्यायची.

एक दिवस मात्र लख्ख आठवतो. तुम्ही पलटणीतून कायमचे घरी आला होता आणि घरात पलटणीचाच कायदा चालायचा. सांगितलेलं काम आधी परत बोलून दाखवायचं, मगच पाऊल उचलायचं. आई चुलीपुढून सांगते, मीठ, हळद, चहा, काडेपेटी, खोबरं. मी घडाघडा म्हणून दाखवते, दुकानाच्या पायरीवर पोचते आणि सगळं गायब. रिकाम्या हाताने परत आल्यावर तुम्ही कडाडता, "डोकं हाय का खोकं?" मी दाराआड हुंदके देत बसते. जरा वेळाने बघते तर तुम्ही पायताण घालून उभे. "चल ऊठ. मीट आन् हळद तू धर. बाकीचं मी धरतो." आपण दोघं पुटपुटत निघतो. वाटेत पारावरचा एक म्हातारा हाक देतो, "राम राम हवालदार! कवा आलासा?" तुम्ही उत्तर देत नाही, मानसुद्धा वळवत नाही. मागून तो म्हणतो, "लय माज आलाय गड्याला."

गावाने तुम्हाला शेवटपर्यंत शिष्ट ठरवलं. आम्हालाही तसंच वाटायचं. आता कॉलेजच्या जिन्यात पोरं "काकू, काकू" करतात आणि मी ओ देत नाही, कारण पाठ केलेलं उत्तर तोंडात सांभाळत निघालेली असते. त्या दिवशी तुम्ही राम राम घातला असता तर चहा, काडेपेटी, खोबरं तिथेच सांडलं असतं, होय ना? चष्मा सापडत नाही म्हणून तुम्ही वर्तमानपत्र माझ्याकडून वाचून घ्यायचा, आणि चष्मा असायचा खिशात. तो परत बोलायचा कायदा पलटणीचा असेल, पण घरी तुम्ही तो स्वतःसाठीच आणला होता, असं मला वाटतं. कुणाला कळू न देता एवढी नोकरी कशी काढलीत, आप्पा? किती भीत असाल. माझा जीव तुटतो हो.

निघताना मॅडमनी विचारलं होतं, "घरात आणखी कुणाला असं होतं का? पुष्कळदा हे घराण्यात असतं." मी झटकन "नाही" म्हणून मोकळी झाले. हवालदाराला कमीपणा यायला नको, एवढंच तेव्हा सुचलं. पण खोटं सांगून माझी तपासणी नीट कशी व्हायची? सोमवारी परत बोलावलंय. खरं सांगायचं ठरवलंय, आणि त्यात तुमचं नाव येणार. तुमची परवानगी घ्यावी म्हणून हे लिहायला बसले. धाडणार कुठे, ते काही ठाऊक नाही. तुम्ही हयात असता तर हे विचारायची माझी छाती झाली नसती. तुम्हाला आता नाही म्हणता येत नाही, म्हणूनच विचारतेय.