दोन्ही बाजूंना बारा-बारा सेंटिमीटर

४ मार्च, सोमवार

ठरलं. गाडी घ्यायची. हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, चालवणार कोण? लायसन माझ्याकडे एकोणीस वर्षांपासून आहे आणि एकदाही दंड झालेला नाही, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. ती म्हणाली, गाडी तरी एकदा कुठे चालवलीत? असल्या शेऱ्यांकडे लक्ष द्यायचं नाही असा मी संकल्प केला आहे.

कारण बाबा. खुब्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले. खुर्चीत बसतात, काठी घेऊन लिफ्टपर्यंत जातात. पण फार खाली बसायला डॉक्टरांची बंदी. शेजारचे ड्रायव्हरकाका (तीस वर्षं बस चालवली, आता निवृत्त) त्यांच्या जुन्या छोट्या गाडीतून कुठेही न्यायला एका पायावर तयार असतात. आज मी टेप लावूनच पाहिलं. त्यांची सीट जमिनीपासून सेहेचाळीस सेंटिमीटर. बाबांना हवेत साठ. चौदाचा फरक. तिथे विषय संपला. मोठी जीप घ्यावी तर चढायला शिडी लागेल. मधली जात एकच, छोटी क्रॉसओव्हर. सीट बरोबर साठ.

जायचंय आत्याकडे. दोन तासांचा रस्ता. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, शहाऐंशीची. आई गेल्यावर मी तीन वर्षं तिच्याकडेच होतो. हल्ली ती माणसं विसरायला लागलीये. परवा सुनेलाच विचारलं म्हणे, तुम्ही कोण? बाबा म्हणाले, आपल्याला ओळखतेय तोवर एकदा जाऊन येऊ. मी म्हटलं, याच महिन्यात. शब्द म्हणजे शब्द.

६ मार्च, बुधवार

पार्किंगचं माप घेतलं. बावीस वर्षं मी लोकांच्या स्वयंपाकघरांची मापं घेतोय. ऑफिसात मला मिलिमीटर म्हणतात, आणि ते कौतुकानेच म्हणतात. मी मापलेलं एकही कपाट परत आलेलं नाही.

तळमजल्यावर आमची जागा कोपऱ्यात आहे. डावीकडे इमारतीची भिंत, उजवीकडे पंपाची खोली, समोर पुन्हा भिंत. रुंदी दोन मीटर चार. गाडी, आरसे मिटून, एक मीटर ऐंशी. म्हणजे दोन्ही बाजूंना बारा-बारा सेंटिमीटर! मी फ्रीजला तीन सोडतो. बारा म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

ड्रायव्हरकाका बघत उभे होते. म्हणाले, जागा जरा अडचणीचीच आहे हो. मी नुसता हसलो. बसवाल्या माणसाशी मिलिमीटरवर काय वाद घालायचा!

१३ मार्च, बुधवार

आली! पांढरी!

शोरूमच्या माणसाने गेटपर्यंत आणून दिली. (रस्त्यावर गर्दी होती म्हणून.) गेटपाशीच बाबांना पुढच्या सीटवर बसवलं. आधी बसले, मग पाय आत, मग काठी. एका दमात! बाबा म्हणाले, अरे, ही तर खुर्चीच आहे की. मला भरून आलं. खरंच आलं. ही मागे बसली.

मग मी स्वतः चालवत आत नेली. चाळीस मीटर. आरसे मिटले, सरळ कोपऱ्यात घातली. दोन्हीकडे बारा-बारा, इकडे ना तिकडे. इंजिन बंद केलं. दार उघडलं. दार बारा सेंटिमीटर उघडलं.

मग बाबांनी शांतपणे विचारलं, आता?

कपाटातून माणसं उतरत नाहीत, त्यामुळे हा मुद्दा बावीस वर्षांत कधी आला नव्हता. परत रिव्हर्स घ्यायला पंचवीस मिनिटं लागली. सेन्सर नुसता किंचाळत होता. ड्रायव्हरकाका मागे उभे राहून हातवारे करत होते, मी बघितलं नाही. बाबांना आणि हिला बाहेर उतरवलं, गाडी पुन्हा आत घातली आणि मी सीटवरून मागे, मागच्या सीटवरून डिकीत आणि डिकीतून बाहेर आलो. हिने पँट झटकून दिली.

१४ मार्च, गुरुवार

डिकीतून ये-जा हा उत्तम व्यायाम आहे. पाठ मोकळी होते. या गाडीच्या मालकांचा एक ग्रुप आहे फोनवर, त्यात सामील झालो. लगेच अनुभव लिहिला: प्रशस्त. आतून फिरायला भरपूर जागा. पाच स्टार. सतरा जणांनी अंगठा दिला. एकाने विचारलं, आतून फिरायचं कशाला?

१७ मार्च, रविवार

आज आत्याकडे जाणार होतो. हवेत धूळ फार. नव्या गाडीचा फिल्टर, उगाच कशाला? पुढचा रविवार पक्का. बाबा कपडे करून बसले होते. काठी कोपऱ्यात उभी केली आणि पेपर घेतला.

२० मार्च, बुधवार

गाडीचं पुस्तक वाचायला घेतलंय. तीनशे बारा पानं. लोक न वाचता गाडी चालवतात आणि मग आपटतात. एकशे चाळीस पानं झाली. त्यातला गाण्यांचा भाग दोनदा वाचला.

रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की डिकीतून आत जाऊन तासभर बसतो. रेडिओ, पडद्यावरचे दिवे, पंख्याची हवा. इंजिन लावत नाही, पेट्रोल वाचतं. गाडीची सवय व्हायला हवी. शिवाय इथे कोणी विचारत नाही की कधी जायचं.

२४ मार्च, रविवार

निघालो! म्हणजे मी एकटा आधी गाडी बाहेर काढणार, मग गेटवर बाबांना घेणार. साधी योजना. साडेनऊला सुरू केलं. एक मीटर मागे आलो. सेन्सर किंचाळला. थांबलो. अर्धा मीटर. पुन्हा किंचाळला. डावा आरसा भिंतीला लागला की उजवा पंपाच्या खोलीला ते कळलं नाही, आवाज मात्र उजवीकडून आला. घाम फुटला. दीड मीटर पुढे आलो आणि होतो तिथे जाऊन बसलो.

ड्रायव्हरकाका काचेवर टकटक करायला आले, पण काचेपर्यंत त्यांना पोचताच येईना. डिकीकडून ओरडून म्हणाले, द्या इकडे, मी काढून देतो, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, काका, बस वेगळी, ही वेगळी. हिच्यात सेन्सर आहेत. ते म्हणाले, तेच बंद करा आधी.

बाबांना सांगितलं, आरशाचं काम निघालंय. बाबा म्हणाले, बरं. एवढंच. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, काकांच्या गाडीने जाऊ या का? तिला चौदा सेंटिमीटरचा हिशोब पुन्हा समजावला. बायकांना माप कळत नाही असं मी कधीच म्हणत नाही. आजही म्हटलं नाही. मनात आलं.

२७ मार्च, बुधवार

आत्याचा फोन. म्हणजे बाबांनी लावला. स्पीकरवर होता. आत्याने तीनदा विचारलं, कोण बोलतंय? तिसऱ्यांदा बाबांनी लहानपणीचं नाव सांगितलं तेव्हा ओळखलं. मग छान बोलली. माझीही चौकशी केली, धाकटा कसा आहे, अजून साय खातो का? मी दारातच उभा होतो. फोन घ्यायला हवा होता. पण मग तिने विचारलं असतं, कधी येतोस?

बाबा बराच वेळ फोन हातात धरून बसले. या रविवारी काही झालं तरी जायचंच. काही म्हणजे काहीही. फोन करून सुनेला कळवून टाकलं, अकराला पोचतो.

ग्रुपवर लिहिलं: दोन आठवडे झाले, एकही तक्रार नाही. (एकूण नऊ किलोमीटर. सगळे शोरूमच्या माणसाचे.)

३० मार्च, शनिवार

सगळी तयारी झाली. भिंतींना थर्मोकोल लावला, म्हणजे आता दोन्ही बाजूंना नऊ-नऊ. पण मऊ. संध्याकाळी दोन तास गाडीत बसून रिव्हर्सचा मनातल्या मनात सराव केला. रेडिओ लावून, म्हणजे ताण येत नाही. मनात नऊदा बाहेर काढली, एकदाही घासली नाही.

३१ मार्च, रविवार. सकाळी ७.१०

गाडीतूनच लिहितोय. डिकीतून आलो, धूळ नको म्हणून डिकी आतून ओढून घेतली. आता स्टार्ट करतो.

७.१५

स्टार्ट होत नाही. बटण दाबलं की टिक असा आवाज येतो. पडदा एकदा उजळला आणि गेला. बहुधा थंडी. (थंडी नाही.)

७.३०

बॅटरी. अठरा दिवसांचा रेडिओ. पण खरी अडचण वेगळीच आहे. डिकी बटणाने उघडते. बटण बॅटरीवर. काचा बॅटरीवर. हँडब्रेकसुद्धा बॅटरीवर, त्यामुळे ढकलताही येणार नाही. दारं तेवढी हाताने उघडतात. थर्मोकोल धरून नऊ सेंटिमीटर.

घाबरलेलो नाही. हिला फोन केला.

८.००

ही आली. मी मागच्या सीटवर सरकून तिथलं दार उघडलं. ती मागून, पंपाच्या खोलीच्या बाजूने फटीत डोकावली, तिचा एक डोळा दिसत होता. म्हणाली, माप बरोबर घेतलंत हो. मेकॅनिकला फोन केला. रविवार आहे, एकनंतर येईल. फटीतून बिस्किटांचा पुडा दिला. कप येईना. चहा पाण्याच्या बाटलीत घालून दिला.

८.४०

बाबा खाली आले. काठी टेकत, नवा शर्ट घालून. सुनेला फोन करून सांगू या का, पुढच्या रविवारी येतो म्हणून, असं मीच विचारलं. आवाज जरा चढलाच माझा. पुढच्या रविवारी नक्की, बॅटरी काय, अर्ध्या तासाचं काम. बाबा फटीपाशी उभे राहिले. म्हणाले, ती सकाळपासून खिडकीत बसली आहे म्हणे. तिची सूनबाई म्हणत होती. आज तिला सगळं आठवतंय.

भिंतीवरच्या थर्मोकोलचा तुकडा निघून आला होता, तो परत चिकटवत बसलो.

८.५५

मागच्या काचेतून दिसतंय. ड्रायव्हरकाकांनी त्यांची गाडी काढली. एका हाताने, दुसऱ्या हातात चहा. ही वरून दोन उशा घेऊन आली. पुढच्या सीटवर एकावर एक ठेवल्या. बाबा आधी बसले, मग पाय आत, मग काठी. एका दमात.

मग बाबा पुन्हा उतरले, चालत इथपर्यंत आले, फटीतून हात घालून माझ्या खांद्यावर ठेवला. मावला हात. म्हणाले, तू बस. आम्ही जाऊन येतो.

दुपारी १.४०

मेकॅनिक आला. डिकीच्या आतल्या बाजूला एक छोटं झाकण असतं, ते काढून खटका दाबला की डिकी उघडते. त्याने बाहेरून ओरडून सांगितलं, मी दाबला, उघडली. सहा तास ते झाकण माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर होतं. पुस्तकात पान दोनशे सत्त्याऐंशी. मी एकशे चाळीसवर थांबलो होतो.

मेकॅनिकने विचारलं, गाडी कशी वाटली? मी म्हटलं, प्रशस्त.

संध्याकाळी ७

आले सगळे. बाबा दमले होते, पण चेहरा बघण्यासारखा. ही जेवण गरम करता करता सांगत होती. आत्याने बाबांना दारातच ओळखलं. लहानपणीच्या नावाने हाक मारली. दोघं तीन तास बोलत बसले. विहिरीत पडलेल्या बादलीवरून दोघं भांडलेसुद्धा.

मग आत्याने विचारलं, धाकटा कुठाय? ही म्हणाली, काय सांगायचं सुचेना, म्हणून खरं तेच सांगितलं. गाडीत आहे.

आत्या म्हणाली, मग वर का येत नाही? आणि उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली काकांची गाडी दिसत होती. हात हलवत राहिली म्हणे. काकांनी उलट हात हलवला, म्हणजे ती मुकाट्याने बसेल. ती बसली नाही. सायीची वाटी हातात घेऊन, हे लोक निघेपर्यंत तिथेच उभी होती.

साय हिने डब्यात आणली आहे. खाल्ली नाही मी अजून.

२ एप्रिल, मंगळवार

उशा मोजल्या. दोन्ही मिळून, माणूस बसल्यावर, चौदा सेंटिमीटर.

ग्रुपवर एकाने विचारलंय, छोट्या पार्किंगला ही गाडी चालेल का? सविस्तर लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं.

ड्रायव्हरकाकांकडे गेलो. येत्या रविवारी बाबा पुन्हा जाणार आहेत, आत्याने बोलावलंय. विचारलं, मागे जागा आहे का? ते म्हणाले, तुमच्या मिसेस आहेत, माझी बायकोपण येणार म्हणतेय, तुम्हाला मधली सीट मिळेल. पाय जवळ घेऊन बसावं लागेल. टेप खिशातच होता.

चालेल म्हटलं.