दर रविवारची वजाबाकी

प्रिय धाकटे,

तुझ्या सूचनांची चौथी यादी मिळाली. पाण्याची वाटी ताटलीपासून लांब ठेवायची, दूध बंद, खिडकीशी चढायला फळी, आणि रोज पंधरा मिनिटं दोरी हलवून खेळवायचं. तुझ्या जन्माच्या वेळी मला कोणी इतक्या सूचना दिल्या नव्हत्या, तरी तू जगलीस. आपली मास्तरीणबाई बारा वर्षांची मांजर आहे. तिच्यापुढे दोरी हलवली की ती माझ्याकडे असं बघते, जणू मीच नापास झाले आहे. फळी सुताराकडून लावून घेतली. तिच्यावर आता माझी वाचनालयातली पुस्तकं बसतात, ती नाही.

आता जरा मुकाट्याने वाच. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस.

तुझे बाबा गेल्यावर तिचं खाणं सुटलं, हे तुला माहीत आहे. ताटलीपाशी जायची, वास घ्यायची, मान वाकडी करून एखादा घास उचलायची, टाकायची, आणि बाबांच्या खुर्चीत जाऊन पाठ करून बसायची. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, मुक्या जिवाला सुद्धा कळतं हो. खालची शिंपीण तर पदर डोळ्याला लावायची. आणि खरं सांगते, मला ते बरं वाटायचं. घरात माझ्याशिवाय आणखी कोणीतरी त्यांच्यासाठी झुरतंय, एवढाच आधार होता. तूही फोनवर रडलीस, म्हणालीस, आई, तिला त्रास देऊ नकोस, तिचं दुःख तिला करू दे. सात महिने आपण दोघींनी तिला दुःख करू दिलं.

शेवटी वाचनालयातून मांजरांच्या आजारांचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात मान वाकडी करून खाण्याबद्दल अर्धं पान होतं. ते मी दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी तिला टोपलीत कोंबली, तिने माझ्या मनगटावर पाच रेघा ओढल्या, आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. पोरगी तुझ्याच वयाची, केस कसेबसे बांधलेले. मी तिला सगळी कहाणी सांगितली, हे कसे गेले, ही कशी खुर्ची सोडत नाही. तिने ऐकून घेतलं, मास्तरीणबाईचा जबडा उघडला, आणि म्हणाली, काकू, दुःखाचं मला सांगता येणार नाही, पण हे चार दात सडलेत. घास लागला की कळ मस्तकात जात असणार. मांजरं दुखणं दाखवत नाहीत, एका जागी बसून राहतात.

तेव्हा मला इतकी लाज वाटली की काय सांगू. सात महिने त्या जिवाचा दात ठणकत होता आणि आपण तिचं कौतुक करत होतो.

पुढचं तुला ठाऊक आहेच. रक्त तपासलं, मूत्रपिंड ठीक निघालं, दात काढायला भूल द्यावी लागेल म्हणाली. माझ्या एका हातात संमतीचा कागद आणि कानाला तू. या वयात भूल नको, ती उठलीच नाही तर, बाबांची शेवटची खूण आहे ती. अगं, खूण म्हणजे काय भिंतीवरचा खिळा आहे? तिला भूक लागते. तुझा फोन मी बंद केला आणि सही केली. तू आठ दिवस रुसलीस. तेवढे दिवस घर शांत होतं, हेही सांगून टाकते.

ती उठली. तिसऱ्या दिवशी ताटली चाटूनपुसून माझ्या पायाला डोकं घासलं. आता दोन वेळा मऊ खाणं खाते, आणि उशीर झाला तर पुस्तकाच्या पानावर येऊन बसते.

दहा दिवसांनी टाके दाखवायला गेले. डॉक्टरीणबाईंनी वजनाची वही मागितली. तुझ्याच हुकुमावरून ठेवलेली वही, दर रविवारी मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकटीने उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. तुला मी दर रविवारी फक्त ती वजाबाकी सांगत आले. साडेचार, चार, साडेतीन. वहीत मात्र तिन्ही आकडे आहेत, दोघींचं मिळून, माझं एकटीचं आणि तिचं. पोरीने पानं उलटली, पुन्हा पहिल्या पानावर गेली, आणि म्हणाली, काकू, मांजर एक किलो उतरलं, तुम्ही नऊ. तुम्हाला कोणी तपासलं का? मी म्हटलं, अगं, माणूस गेलाय माझा, जेवण जात नाही. ती म्हणाली, मांजराचंही तुम्ही हेच सांगितलं होतंत.

चार दिवसांनी मी माणसांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं, पोटाचा फोटो काढला. घास मध्येच अडल्यासारखा वाटतो का, असं विचारलं. वाटतो, बाबा गेले त्याच्याही आधीपासून वाटतो. तेव्हा त्यांच्या दुखण्यात माझं कुठे सांगायचं म्हणून गप्प राहिले, आणि नंतर त्याला दुःख हे नाव सोयीचं पडलं. आता तोंडातून नळी घालून आत बघणार आहेत. काय असेल ते डॉक्टर बोलत नाहीत, आणि मी पुस्तक आणलेलं नाही. फोनवर तू मांजराचं विचारतेस आणि मी मांजराचंच सांगत बसते, म्हणून हे पत्र. सोबत घरचं माणूस लागेल म्हणाले. शिंपीण यायला तयार आहे, पण मला तू हवी आहेस. रजा मिळत नसेल तर तसं फोन करून सांग, म्हणजे मला भांडता तरी येईल. येत्या गुरुवारी सकाळी आठला पोचायचं आहे. तू बुधवारी संध्याकाळीच ये. मला रात्रीपासून उपाशी राहायचं आहे, तेव्हा स्वयंपाक तुझ्यापुरताच करेन.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
आई