दहा मिरच्या

खोन केन, थायलंड
१२ डिसेंबर

प्रिय आईले संघप्रियाचा मनापासून जयभीम.

मी मजेत आहे. शिकाले भाताचं पीक आणि जेवाले पण भातच, म्हणून माही काळजी करू नको. बाबाचा खोकला कमी झाला काय? आपल्या सावली गावात आता थंडी पडली असन.

काल एक गंमत झाली. इथी कच्च्या पपईचा कीस मिरच्यासंगं खलबत्त्यात कुटून देतेत. दुकानवाल्या बाईनं बोटं दाखवून विचारलं, मिरच्या किती टाकू? माही आई दरसाल तेलंगणात जाऊन पोते भरभरून मिरची तोडते, मंग मी काऊन भिऊ? मी दोन्ही पंजे दाखवले. दहा!

दोन घासातच नाकाडोळ्यातून पाणी वाहू लागलं. बाई हासतच उठली. तिच्या बोटाईले मिरची लागली होती, म्हणून तिनं मनगटानं माहे डोळे पुसले.

मिरची तोडून आल्यावर तू पण असेच पुसायची. हाताची आग जाईपर्यंत आठ-आठ दिवस मले बोट लावायची नाई. ते आठवलं आणि मी खरंच रडली. सगळ्याईले वाटलं, मिरचीनंच.

आई, यंदाही तोडाले जाणार आहेस काय? दादाले फोनवर विचारलं त तो विषय बदलते, म्हणून तुलेच लिहून राह्यली.

मी भीमजयंतीले घरी येईन, मिरचीची तोडणी पण तवाच असते. यंदा जाऊ नको. मले तुहं मनगट नाई, पुरा हात पाहिजे.

तुही,
संघप्रिया