बारा दिवसांच्या सह्या

रोहणा,
शनिवार, १० जानेवारी २०२६

चि. मेघा,
सप्रेम जय भीम.

फोन उचलत नाहीस, म्हणून तुझ्या खात्यातल्या मैत्रिणीच्या, वर्षालीच्या हाती हे पत्र पाठवतो. इकडे सगळे बरे आहेत. तूर काढणी चालू आहे. तुझ्या आईचा गुडघा तसाच, पण ऐकते कुठे, रोज शेतात जाते.

मिलने तुला सोमवारी चौकशीला बोलावल्याचं आईकडून कळलं. कोऱ्या कागदावर सही करू नको. राजीनामा लिहून दे म्हणाले तर देऊ नको. आणि हे पत्र वाचून चुलीत घाल.

पंचवीस वर्षं मी कामगारांचे कायदे वाचतो आहे. खाजगी मिलमधला माणूस स्वतः आजारी पडला तर त्याला विम्याची रजा आहे. बाईला बाळंतपणाची आहे. पण नवरा मरणाच्या दारात असेल, तर त्याच्या उशाशी बसायला एका दिवसाची रजा कुठल्या कलमात नाही. हे कायदे लिहिणाऱ्यांच्या घरात कधी कोणी आजारी पडलंच नसेल का? तुझी हक्काची रजा संपली होती. तीन अर्ज दिलेस, तिन्ही परत आले. मग तुमच्या खात्यातल्या बाया म्हणतात तसा तू आजार अंगावर घेतलास. किडनी तुझ्या नवऱ्याची, अंकितची बिघडलेली, सर्टिफिकेट तुझ्या कंबरेचं. बारा दिवस. यात मी तुला गुन्हेगार मानत नाही. पण चौकशीला बसणारे मानतील.

बुधवारी तुमची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसचे रूपराव घरी आले होते. आर्वीत काम होतं म्हणाले. संत्र्यांची पिशवी आणली, चहा घेतला, अंकितची चौकशी केली. फार गोड बोलले. “मामाजी, भाषन जबरदस्त झालं तुमचं. मिलच्या सायबायनं दोन डाव आयकलं,” म्हणाले.

तेव्हा मला घाम फुटायला हवा होता. माझी छाती फुगली.

कोणतं भाषण, ते आता लिहितोच. तीन तारखेला कारंज्याच्या विहारात सावित्रीमाईंच्या जयंतीला बोलायला उभा राहिलो. दोनशे माणसं, आणि ढिम्म. कलमं सांगितली, आकडे सांगितले, टाळी नाही. मग मी म्हणालो, “माझ्या भाचीचा नवरा दवाखान्यात पडला होता, आन् तिले सर्टिफिकेट सोताच्या कंबरेचं घ्या लागलं!” विहार दणाणला. कोणीतरी मोबाइलवर घेतलं आणि गावोगाव पाठवलं. मी तुझं नाव घेतलं नव्हतं. भाची म्हणालो. मला भाची एकच आहे, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे.

दवाखान्याच्या पायरीवर तू मला म्हणाली होतीस, “मामा, हे कोनाले सांगू नका.” आणि मी टाळीसाठी ते दोनशे माणसांसमोर ठेवलं.

एवढंच असतं तर तोड होती. मी खोटं बोललो, लोकांना पेटवायला गोष्ट रचली, असं लिहून द्यायला मी तयार झालो. काल तो कागद लिहिलासुद्धा. नंतर फाडला. कारण निघताना चपला घालता घालता रूपरावांनी विचारलं होतं, “जवाईबापू कोनत्या वार्डात होते? भेटून येतो मनलं एखांद्या दिवशी.” अंकित घरी आल्याचं त्यांना माहीत होतं. तरी मी दवाखाना सांगितला, वॉर्ड सांगितला, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तेही सांगितलं.

त्या वॉर्डाच्या वहीत रोज संध्याकाळी नातेवाइकाच्या रकान्यात तू सही करायचीस. मी शेजारी उभा राहून पाहिली आहे. सर्टिफिकेटानुसार तू घरी पाठ टेकून होतीस, त्या बाराही दिवसांच्या सह्या तिथे आहेत. मी माझा शब्द फिरवीन, त्या वहीचं काय करू? रूपराव गुरुवारी कामावर नव्हते, असं वर्षाली सांगते.

सोमवारी तू खरं सांगायचं की गप्प राहायचं, हे मी ठरवणार नाही. तो अधिकार मी गमावला. नऊ वाजता गेटवर उभा असेन. तू बोल म्हणालीस तरच तोंड उघडीन.

अंकितचं डायलिसिस तुझ्या विम्याच्या कार्डावर चालतं आणि कार्ड तुझ्या नोकरीवर, हे तुला सांगायला नको. नोकरी गेल्यावर कार्ड किती दिवस धरतं, ते कलम काल तीनदा वाचलं. इतकी वर्षं वाचून मला त्याचा नीट अर्थ लागला नाही. या मंगळवारी त्याला डायलिसिसला न्यायची गाडी ठरवून ठेव. त्याच्या पुढच्या मंगळवारचं मी काही लिहू शकत नाही.

तुझं गुपित ज्याच्या तोंडात टिकलं नाही, तो
नत्थूमामा