एलरी साहेबाची विहीर

लातूर, १२ एप्रिल १९८३

आले एकदाची! औरंगाबादहून एस.टी.त अख्खा दिवस गेला, पण मन कसं हलकं आहे. लातूर जिल्हा होऊन जेमतेम आठ महिने झालेत. कचेरीच्या पाटीचा रंग ताजा, आणि उस्मानाबादहून आलेले दस्त अजून लाल फडक्यातच बांधलेले. मी आयरीन एलरी, निवृत्त शिक्षिका, दीडशे वर्षांपूर्वी कापूस पिकवायला इकडे येऊन राहिलेल्या थॉमस एलरींची शेवटची वंशज, हे सगळं कारकुनाला एका दमात सांगितलं. तो म्हणाला, बाई, साहेब इतकी वर्षं थांबले, आता माझा चहा होईस्तोवर थांबतील की. चहा मलाही दिला. तिसऱ्या गठ्ठ्यात मोडीतला कागद सापडला, त्यानंच वाचून दाखवला. दुष्काळात साहेबांनी उदगीरजवळ निंबगेरीला विहीर खणली. पप्पा अगदी हेच सांगायचे! कॉन्व्हेंटमध्ये मी मुलींना किती ऐटीत सांगायची, की आमच्या खापरपणजोबांनी तीन गावांना पाणी पाजलं. आता त्यांची कबर शोधायची आणि घराण्याचा इतिहास लिहून काढायचा.

निंबगेरी, १४ एप्रिल

गुरुपादप्पांच्या घरी उतरले आहे. त्यांचं बियाणांचं दुकान आहे. माणूस मोकळा. त्यांच्या आई गौरम्मा, वय ऐंशीच्या पुढे. टँकर दोन दिवसांआड येतो. बायका घागरी रांगेत लावून स्वतः लिंबाखाली बसतात. आणि गावाबाहेर साहेबांची विहीर, पायऱ्यांची, देखणी, तळाशी हिरवं पाणी, तिच्याकडे कुणी फिरकत नाही! मी नवल केलं तेव्हा गौरम्मांनी विचारलं, बाई, तुम्ही कुणाच्या? सांगितलं, अभिमानानं. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. मग म्हणाल्या, हाव, नाक त्याचंच दिसायलंय. त्याचं लई मोठं होतं म्हणे, दुसरं काही चांगलं आमच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. सगळे हसले. मीही हसले.

१५ एप्रिल

सकाळभर विहिरीभोवती कबरीचा लांबट चौथरा शोधत होते. गौरम्मा काठी टेकत मागोमाग आल्या. म्हणाल्या, इथं निजलेलं कुणी मिळायचं न्हाई बाई. आम्ही लिंगायत, आमचं माणूस मातीतबी बसूनच असतंय. खड्ड्याच्या भिंतीत कोनाडा कोरायचा, त्यात मांडी घालून बसवायचं, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवायचं. जन्मभर गळ्यात बांधलेलं, ते मेल्यावरही काढून घेत नाहीत.

ही सगळी जमीन त्यांच्या पूर्वजांच्या समाध्यांची. पाणी इथंच लागेल म्हणून साहेबांनी इथंच खणलं. गाव पाया पडलं तरी खणलं. भिंतीत नऊ कोनाडे उघडे पडले. साहेबांनी तळहातांवरची लिंगं उचलून घेतली आणि कोनाडे विटांनी बंद केले. पाणी चढलं. माणसं तहानेनं मेली, पण त्या पाण्याला कुणी तोंड लावलं नाही.

मग गौरम्मांनी विचारलं, तुमच्या घरी काळे, गुळगुळीत, जांभळाएवढे दगड कधी पाहिले का?

मी नाही म्हणाले.

१६ एप्रिल

पस्तीस वर्षं मुलींना खरं बोलायला शिकवलं.

ते दगड माझ्या पर्समध्ये आहेत. पप्पांनी मखमली पिशवीत जपलेले. 'साहेबाच्या गोट्या' म्हणायचे त्यांना. कबरीवर ठेवायला म्हणून आणले. लहानपणी वसतिगृहाच्या व्हरांड्यात मी त्यांच्याशी खेळले आहे. तो गारवा बोटांना अजून आठवतो, आणि किती आवडायचा मला!

आज गौरम्मांनी न विचारता दुसरी भाकरी वाढली. वर बघवेना. सांगायचं होतं. उद्या सांगेन.

१७ एप्रिल

नाही सांगितलं.

पाणी दोन पायऱ्या उतरलं. विटांचे चौकोन दिसू लागले, चार तर फुटलेत. गुरुपादप्पा म्हणाले, उन्हानं चुना सुटतो. असेल. पण विटा कोनाड्यात नाहीत. समोरच्या पायऱ्यांवर पडल्या आहेत. एवढ्या लांब—

१८ एप्रिल, दुपार

उन्हात गाव गप्प आहे. दगड गुपचूप परत ठेवायचे आणि निघून जायचं, कुणाला कळायला नको, एवढंच मनात. विहिरीच्या पायरीवर बसून लिहितेय.

नऊही उघडे. आत बसलेत. ओले. प्रत्येकाचा डावा हात पुढे—

पहिल्या तळहातावर ठेवला. बोटं मिटली. हळू, लहान मुलाची मिटतात तशी.

सहा. सात.

आठ.

पिशवी रिकामी.

आठवलं. सात वर्षांची होते. एक दगड मैत्रिणीला दिला होता, निळ्या रिबिनीच्या बदल्यात. तिचं नावही आठवत नाही.

नववा हात बाईचा आहे. मनगटावर बांगड्यांचे वळ. उघडाच आहे. क्षमा करा म्हटलं. मोठ्यानं म्हटलं—

वरून गौरम्मा हाक मारतायत. बाई, वर या, या हो बाई, आम्ही काय खातो का तुम्हाला—

वर गेले तर सांगावं लागेल. खोटं बोलले तेही. ती भाकरी—

कसं तोंड दाखवू

ही नववी रागावलेली नाही. मांडी आवळून घेतेय. कडेला सरकतेय, माझ्यासाठी जागा कर—