उजवीकडचा गुलाबी

दादा,

आईला घेऊन बागेत चाललेय. तिची खोली रंगवून झाली की फोन कर, तोवर आम्ही परत येत नाही.

खिडकीजवळ दोन गुलाबी पट्टे मारलेत, तुला सारखेच दिसतील. डावा आपल्या जुन्या घराच्या पोपड्याशी जुळवलेला, हुबेहूब. तुझीच हौस. पण रंगाऱ्याला उजवा सांग, फिकट आहे तो. आणि डावा आधी झाकायला लाव.

सकाळी आईने त्या डाव्या पट्ट्यावरून हात फिरवला, केस विंचरले आणि दारात जाऊन बसली. चहा घेईना. म्हणाली, हे आले की घेते. शेवटी बाबा गेले हे मलाच सांगावं लागलं. पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली.

मला ते परत सांगायला लावू नकोस.

छोटी